बरा न होणारा आजार, रुग्णाची इच्छा आणि उपचारांचा खर्च: यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न (रुग्णाची मुलगी)

नमस्कार. माझ्या आईचे हृदय अनेक वर्षांपासून अशक्त होत चालले आहे आणि आता तिची मूत्रपिंडेही निकामी होऊ लागली आहेत. रुग्णालयातून ती दर वेळी आधीपेक्षा अधिक थकून घरी येते. दोन्ही आजार बरे होणारे नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्टपणे सांगितले आहे आणि डायलिसिसबाबतचा निर्णय लवकरच घ्यावा लागेल, याचीही कल्पना दिली आहे. आईची स्मरणशक्ती आणि समज अजून उत्तम आहे.

माझी पहिली अडचण अशी आहे की, बरे वाटत असताना आई "मला यंत्रांना जोडून ठेवू नका" असे निक्षून सांगते, परंतु रात्री दम लागला की "मला लगेच रुग्णालयात न्या" असेही तीच म्हणते. यांपैकी तिची खरी इच्छा कोणती मानायची? माझा भाऊ म्हणतो की शक्य असेल ते सर्व केलेच पाहिजे, आणि त्याच्या या आग्रहामागची माया मला कळते.

दुसरी अडचण खर्चाची आहे. घरात कोणी खर्चाचा विषय काढला, तर तो आईच्या जिवाची किंमत करतो आहे असे इतरांना वाटेल, या भीतीने कोणीच बोलत नाही; बिले मात्र येतच राहतात. रुग्णाच्या इच्छेनुसार उपचार केल्यास खर्चही कमी होतो, असे माझ्या वाचनात आले. यात कितपत तथ्य आहे? की उपचारांतून हात आखडता घेण्यासाठी हे एक सोयीचे समर्थन तयार झाले आहे? या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १ (उपशामक उपचार, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारे उपचार, या विभागातील डॉक्टर)

आपल्या आईच्या दोन्ही वाक्यांत मला विरोध दिसत नाही. दम लागल्यावर त्या जे मागतात ती त्रासातून सुटका आहे, आणि यंत्रांविषयी त्या जे बोलतात ते पुढच्या जगण्याच्या स्वरूपाविषयी आहे. रुग्णालय हा सुटकेचा एकमेव मार्ग त्यांना ठाऊक असेल, तर मध्यरात्री त्या तोच मागणार. घरीच दम आटोक्यात आणण्याची व्यवस्था झाली, म्हणजे कोणते औषध किती द्यायचे हे लिहून ठेवलेले असले, फोनवर उत्तर देणारी परिचारिका असली, आणि बसण्याच्या स्थितीपासून चेहऱ्यावर येणाऱ्या पंख्याच्या वाऱ्यापर्यंतचे साधे उपाय घरच्यांना शिकवलेले असले, तर त्याच रात्री त्या काय मागतील हे पाहिल्याशिवाय त्यांची इच्छा आपल्याला कळली असे म्हणता येणार नाही. दम कमी करण्यासाठी अफूवर्गीय औषधे अल्प मात्रेत वापरली जातात. मात्र मूत्रपिंडे निकामी होत असताना मॉर्फिनचे घटक शरीरात साठत जातात, म्हणून त्या वर्गातील कोणते औषध द्यायचे हे तज्ज्ञानेच ठरवावे.

इच्छा विचारताना आपण सहसा चूक प्रश्न विचारतो. "व्हेंटिलेटर हवा की नको?" या प्रश्नाला रुग्ण तरी काय उत्तर देणार? त्या यंत्राने पुढे काय साधणार आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आयुष्य मर्यादित उरलेल्या 226 वृद्धांना हाच प्रश्न निरनिराळ्या परिणामांसह विचारला होता. उपचार सौम्य असून त्याने प्रकृती पूर्ववत होणार असेल, तर जवळजवळ सर्वांना तो हवा होता. तोच उपचार घेऊन जीव वाचेल पण शरीर गंभीररीत्या परावलंबी होईल, असे सांगितल्यावर सुमारे 74 टक्के लोकांनी तो नाकारला. आणि समज, स्मृती गंभीररीत्या हरवेल असे सांगितल्यावर सुमारे 89 टक्के लोकांनी नाकारला. म्हणून आईंना यंत्रांची यादी वाचून दाखवू नका. कोणत्या स्थितीतले जगणे त्यांना मान्य आहे, कोणती गोष्ट करता येईनाशी झाली तर जगण्यात अर्थ उरला नाही असे त्यांना वाटेल, अधिक दिवस मिळावेत म्हणून किती त्रास सोसण्याची त्यांची तयारी आहे आणि सर्वांत अधिक भीती कशाची वाटते, हे विचारा. या उत्तरांवरून यंत्रांविषयीचे निर्णय डॉक्टरांना सुचवता येतात, आणि ते सुचवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. पर्यायांची थाळी कुटुंबापुढे ठेवून बाजूला होणे मला योग्य वाटत नाही.

डायलिसिसचा निर्णय अजून आपल्या हातात आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. डायलिसिस सुरू केलेल्या 3,702 अमेरिकी शुश्रूषागृहवासी रुग्णांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांपैकी 58 टक्के रुग्ण मरण पावले होते, आणि डायलिसिसपूर्वीची कार्यक्षमता केवळ 13 टक्के रुग्णांत टिकून होती. हे रुग्ण आधीच बरेच परावलंबी होते, त्यामुळे घरी राहणाऱ्या आणि बुद्धीने सतेज असलेल्या आपल्या आईंना ही टक्केवारी जशीच्या तशी लागू पडत नाही. तरीही वय पंचाहत्तरीपुढे असेल आणि सोबत हृदयाचा गंभीर आजार असेल, तर डायलिसिसमुळे वाढणारे आयुष्य बरेच थोडे असू शकते, आणि त्यातला मोठा भाग रुग्णालयात ये-जा करण्यात जातो. डायलिसिस न करता औषधे, आहार आणि लक्षणांवरील उपचार यांवर भर देणे हा एक पूर्ण वैद्यकीय मार्ग आहे. त्यात रुग्णाला सोडून दिलेले नसते. तिसरा पर्याय म्हणजे ठरावीक मुदतीपुरते डायलिसिस करून पाहणे. त्या मुदतीत काय सुधारायला हवे आणि ते सुधारले नाही तर काय करायचे, हे आधीच ठरवून घेतले, तर पुढे थांबणे म्हणजे आईला सोडणे असे आपल्या बंधूंना वाटणार नाही. त्यांच्या मनाला हाच मार्ग सर्वांत कमी जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. हृदयाच्या रुग्णाच्या छातीत झटका देऊन ठोके सुरळीत करणारे यंत्र बसवलेले असेल, तर शेवटच्या काळात त्याची झटके देण्याची क्रिया बंद ठेवावी का, हा प्रश्न वेळेवर विचारावा लागतो. तो न विचारल्यामुळे अखेरच्या तासांत रुग्णाला झटके बसत राहतात आणि घरच्यांना ते पाहावे लागते. हे पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

"किती काळ उरला आहे?" हे डॉक्टरांना विचारताना त्यांच्या अंदाजाची मर्यादाही लक्षात असू द्या. हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांना आराम देणाऱ्या सेवेत, दाखल झालेल्या 468 रुग्णांविषयी डॉक्टरांनी केलेले अंदाज 2000 साली तपासले गेले. केवळ 20 टक्के अंदाज बरोबर निघाले, 63 टक्के अंदाज वाजवीपेक्षा आशावादी होते आणि सरासरीने डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपटीहून अधिक काळ सांगितला होता. रुग्णाशी जितका जुना परिचय, तितका अंदाज अधिक चुकला होता. जिव्हाळ्यामुळे नजर मऊ होते, हे मी आमच्या व्यवसायात रोज पाहते. म्हणून "पुढच्या वर्षी या वेळेपर्यंत आई नसल्या तर आपल्याला आश्चर्य वाटेल का?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर अधिक मोकळेपणाने देऊ शकतात.


उत्तर २ (आरोग्य अर्थशास्त्राचा अभ्यासक)

डॉक्टरांनी इच्छेची बाजू मांडली आहेच, त्यामुळे मी खर्चापुरते लिहितो. आपण ऐकलेल्या विधानात तथ्य आहे, पण ते ज्या जोराने मांडले जाते तितके नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

आधी त्याच्या बाजूचा पुरावा पाहू. 2009 मधील एका अमेरिकी अभ्यासात प्रगत कर्करोगाच्या 603 रुग्णांची माहिती तपासली होती. ज्यांनी डॉक्टरांशी आयुष्याच्या अखेरीविषयी बोलणे केले होते, त्यांचा शेवटच्या आठवड्याचा खर्च इतरांपेक्षा सुमारे 36 टक्के कमी होता. त्याच अभ्यासातले दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते: ज्यांच्यावर जास्त खर्च झाला, त्यांची अखेर अधिक कष्टाची होती, आणि त्या खर्चाने आयुष्य वाढल्याचेही दिसले नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्यामुळे बोलण्यामुळेच खर्च घटला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्यांना कमी उपचार हवे होते तेच आधी बोलले, हेही शक्य आहे. 2018 मध्ये सहा अभ्यास एकत्र करून 1,33,118 रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण झाले. रुग्णालयात दाखल झाल्यापासून तीन दिवसांत उपशामक उपचारांच्या चमूचा सल्ला घेतलेल्या रुग्णांचा रुग्णालयीन खर्च सरासरी 3,237 डॉलरने कमी भरला, आणि ज्यांना अधिक आजार एकत्र होते त्यांच्या बाबतीत ही बचत अधिक होती. सल्ला लवकर मिळणे हे येथे निर्णायक आहे. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ काढल्यानंतर हा चमू बोलावला, तर खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि रुग्णही बोलण्याच्या स्थितीत राहिलेला नसतो.

उपचार कमी केल्याने आयुष्य घटते, ही भीतीही सरसकट खरी नाही. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीपासून उपशामक उपचार मिळालेल्या गटात, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाच्या तुलनेत, नैराश्य कमी होते, अखेरीस आक्रमक उपचार घेण्याचे प्रमाण 54 ऐवजी 33 टक्के होते, आणि तरीही त्या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो काळ) 8.9 ऐवजी 11.6 महिने भरले. नंतरच्या सर्व चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. जगण्याची गुणवत्ता सुधारल्याचे मात्र अनेक चाचण्यांत दिसले आहे.

आता दुसरी बाजू. शेवटच्या वर्षावरच आरोग्यखर्चाचा डोंगर उभा असतो, तेव्हा तो कापला की देशाचा खर्च आटोक्यात येईल, असा युक्तिवाद धोरणकर्ते वारंवार करतात. नऊ देशांच्या 2017 मधील तुलनेत आयुष्याच्या शेवटच्या बारा महिन्यांचा वाटा एकूण वैद्यकीय खर्चाच्या 8.5 ते 11.2 टक्के आढळला. हा आकडा लहान नाही, पण डोंगरही नाही. शिवाय "शेवटचे वर्ष" हे मृत्यूनंतरच ओळखता येते. अमेरिकेतील वृद्धांच्या मेडिकेअर या सार्वजनिक विमा योजनेच्या माहितीवर 2018 मध्ये झालेल्या संशोधनात असे दिसले की, वर्षभरात मृत्यूची शक्यता पन्नास टक्क्यांहून अधिक असल्याचे आधीच सांगता येईल, अशा व्यक्तींवर एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहूनही कमी रक्कम खर्च होते. पुष्कळसा पैसा अशा आजारी माणसांवर जातो, जी वाचतील की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे हे धोरण बचतीसाठी आखणाऱ्याला फारसे हाती लागणार नाही. आणि बचत हाच हेतू आहे असे रुग्णांना एकदा वाटले की, संवादावरचा विश्वास जातो तो कायमचा. बचत झाली तर ती परिणाम म्हणून स्वीकारावी, तिचे लक्ष्य ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबातील एक मोठी रक्कम या अभ्यासांत बहुधा दिसतच नाही. रुग्ण घरी आला की रुग्णालयाचे बिल थांबते, पण रात्रीचे जागरण, उचलणे-बसवणे, नोकरीतून घेतलेली रजा आणि कधीकधी सोडावी लागलेली नोकरी, हे सर्व कुटुंबाच्या अंगावर येते. विमा कंपनीच्या दृष्टीने जी बचत आहे, ती घरच्या दृष्टीने केवळ खर्चाची बदली असू शकते. आपण घरच्या उपचारांचा विचार करत असाल, तर परिचारिकेच्या भेटी, भाड्याने मिळणारी खाट, प्राणवायूचे उपकरण आणि मदतनीस यांपैकी कशाचा खर्च विम्यातून मिळतो हे आजच लेखी विचारून घ्या. अनेक विमा योजना अतिदक्षता विभागाचे मोठे बिल भरतात, पण घरी येणाऱ्या परिचारिकेचा त्याहून कितीतरी लहान खर्च नाकारतात. आणि मग आर्थिक दृष्ट्या रुग्णालय हाच घरापेक्षा स्वस्त पर्याय ठरतो. रुग्णाची इच्छा मोडण्याचे हे एक मोठे आणि कमी चर्चिले जाणारे कारण आहे. मेडिकेअरचेच उदाहरण घेतले, तर हॉस्पिसचा लाभ घ्यायचा असल्यास आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो आणि त्या आजारावरील रोगनिवारक उपचार सोडावे लागतात. एकीकडची आशा सोडल्याशिवाय दुसरीकडचा आराम मिळत नाही, असा हा नियम असल्याने पुष्कळ कुटुंबे शेवटच्या काही दिवसांतच हॉस्पिसकडे वळतात.


उत्तर ३ (अतिदक्षता विभागातील परिचारिका)

मी फक्त मध्यरात्रीपुरते लिहिते, कारण चांगले ठरलेले निर्णय तेव्हाच मोडतात.

रुग्ण बेशुद्ध अवस्थेत येतो, सोबतचे घाबरलेले असतात, पाहणारे डॉक्टर त्याला प्रथमच भेटत असतात. अशा वेळी समोर काही नसेल, तर आम्ही श्वासासाठी नळी घालतो आणि छाती दाबतो. तसे करणेच आमचे कर्तव्य असते. आपण घरी काय बोलला होता हे आम्हाला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या रुग्णांना हृदय बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न नको होते, त्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांच्या डॉक्टरांना ती इच्छा ठाऊक होती. प्रशिक्षित परिचारिका नेमूनही त्या अभ्यासात चित्र सुधारले नाही, कारण माहिती मिळूनही रुग्णालयाची रोजची रीत बदलली नाही.

म्हणून उपचारांविषयीचे सामान्य भाषेतले इच्छापत्र पुरेसे मानू नका. त्यावरून डॉक्टरांनी स्वतःच्या सहीने लिहिलेली, कोणते उपचार द्यायचे आणि कोणते नाही हे सांगणारी स्पष्ट सूचना लागते. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात 1991 मध्ये अशा सूचनापत्रकाचे काम याच कारणाने सुरू झाले. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने आपल्या डॉक्टरांना त्याची रीत विचारा. तो कागद कपाटात न ठेवता औषधांच्या फाईलच्या वरच ठेवा, आणि त्याचे छायाचित्र घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

आई स्वतः बोलू शकल्या नाहीत तर त्यांच्या वतीने निर्णय सांगणारा प्रतिनिधी कोण, हेही आईंकडूनच ठरवून घ्या. जवळच्या नातेवाइकांना आपल्या माणसाची इच्छा नेमकी ओळखता येते, असे आपल्याला वाटते. पण सोळा अभ्यास एकत्र पाहिल्यावर असे दिसले की त्यांचा अंदाज सुमारे 68 टक्के वेळा बरोबर येतो, म्हणजे तीनांत एकदा तो चुकतो. आपल्या बंधूंना या बोलण्यात पहिल्या दिवसापासून बसवा. त्यांनी ते आईच्या तोंडून ऐकलेले असणे आणि बहिणीकडून ऐकलेले असणे, यांत रुग्णालयाच्या दारात फार मोठा फरक पडतो.


उत्तर ४ (वैद्यकीय समाजसेविका)

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु त्यांचा कल नकळत एका दिशेने झुकतो, याची नोंद करावीशी वाटते. इच्छेनुसार उपचार म्हणजे नेहमी कमी उपचार असे नव्हे. काही रुग्णांना सर्व उपचार शेवटपर्यंत हवे असतात: कोणाला एखाद्या प्रसंगापर्यंत पोहोचायचे असते, कोणाची श्रद्धा तसे सांगते, आणि कोणाला आयुष्यभर रुग्णालयांच्या दारातून परत पाठवलेले असल्यामुळे "आता थांबूया" हे शब्द ऐकताच पुन्हा तेच घडते आहे असे वाटते. अशा रुग्णाला समज कमी आहे असे मानणे हा अन्याय आहे. नीट माहिती मिळाल्यानंतरही आईंनी डायलिसिस निवडले, तर तोही इच्छेचा मान राखणेच होय, मग खर्च वाढला तरी.

शिवाय आधी लिहून ठेवलेली इच्छा प्रत्यक्ष प्रसंगी बदलू शकते. केवळ कागद भरून घेण्याच्या मोहिमांतून अपेक्षित फळ मिळत नाही, अशी टीका 2021 मध्ये या क्षेत्रातल्याच ज्येष्ठ अमेरिकी डॉक्टरांनी केली. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियात ऐंशी वर्षे व त्यापुढील 309 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित व्यक्तीने रुग्ण व कुटुंब यांच्याशी सविस्तर बोलल्यावर, नंतर मरण पावलेल्यांपैकी 86 टक्के रुग्णांची इच्छा माहीत होती आणि ती पाळली गेली. नेहमीचीच सेवा मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण 30 टक्के होते. मागे राहिलेल्या नातेवाइकांचा ताण आणि नैराश्यही कमी होते. मला यातून असे दिसते की बोलणे प्रत्यक्ष झाले, वेळ देऊन झाले आणि कुटुंबासमोर झाले, तर ते टिकते.

खर्चाविषयी आपल्या घरात जे मौन आहे, ते आईंच्या बाबतीत योग्य आहे असे मला वाटत नाही. पैसा त्यांचाही आहे, आणि तो कशासाठी राखायचा हे सांगणे हा त्यांच्या इच्छेचाच भाग आहे. मात्र हा विषय मुलांनी काढू नये. "उपचारांचा खर्च हा आपल्या काळजीचा भाग आहे का?" असे डॉक्टरांनी किंवा समाजसेवकाने, मुले जवळ नसताना विचारावे.


मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आई पुष्कळदा "तुम्हाला माझा भार नको" असे म्हणते. हे खर्चाविषयी असेल, आमच्या दमणुकीविषयी असेल किंवा नुसते मायेपोटी असेल. हे वाक्य तिची इच्छा म्हणून मानायचे का?


उत्तर १ चे पुढील उत्तर (उपशामक उपचार विभागातील डॉक्टर)

लगेच मानू नये आणि दुर्लक्षही करू नये. या वाक्यामागे बहुधा तीन गोष्टींपैकी एखादी असते: न शमलेला त्रास, नैराश्य, किंवा खरोखरच विचारपूर्वक ठरवलेले मत. पहिल्या दोहोंवर उपाय आहे, म्हणून ते उपाय आधी करावेत. दम, खाज, झोप न लागणे आणि उदासी यांची तपासणी करून घ्या. घरी काही तास मदतनीस ठेवणे शक्य असेल तर ठेवा, आणि आपण त्यामुळे विश्रांती घेता आहात हे आईंना दिसू द्या. "भार" म्हणजे नेमके काय, असेही त्यांना विचारा, कारण अनेक वृद्ध रुग्णांच्या मनात त्या शब्दाखाली एकच ठोस गोष्ट असते: शौचाला दुसऱ्याने न्यावे लागणे, किंवा मुलीची नोकरी जाणे. ती गोष्ट कळली की तिच्यावर बहुतेक वेळा तोडगा निघतो.

हे सर्व करून काही आठवडे गेल्यावरही त्या तेच शांतपणे, मुलांच्या गैरहजेरीतही सांगत असतील, तर ते त्यांचे मत आहे आणि त्याप्रमाणे वागायला हवे. डायलिसिसविषयीची भेट त्यानंतरच ठरवा, त्या भेटीला बंधूंनाही घेऊन या, आणि मूत्रपिंडाचे व हृदयाचे डॉक्टर दोघेही हजर राहतील असे पाहा. ते वेगवेगळे भेटले तर प्रत्येक जण केवळ आपल्या अवयवापुरते उत्तर देतो.